नेटमुळं हुकूमशाही खरंच पडते का? आमचे आबा म्हणतात तसं नसतं

पूर्णाकाठची (जिंतूर, सध्या संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. एमए राज्यशास्त्र दुसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या महिन्यात सेमिनार आहे आणि मी विषय घेतलाय हुकूमशाही राजवटी आणि इंटरनेट. घेताना वाटलं सोपं जाईल, ट्युनिशिया लिहायचं, इजिप्त लिहायचं, फेसबुकवर लोक जमले, चौकात आले, राष्ट्राध्यक्ष गेला, झालं. अर्धं लिहूनही झालं होतं. दिवाळीला गावाकडं गेले तेव्हा आबांना वाचून दाखवलं. आबा नव्वदीच्या पुढं आहेत, रझाकारांच्या वेळी १३-१४ वर्षांचे असतील, कान अजून चांगलेत. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्यापाशी तर पोस्टाचं कार्डसुद्धा धड नव्हतं बाई, तरी निझाम गेला का नाही?"

मी म्हणाले आबा तो तर फौज आली म्हणून गेला. तर म्हणाले, "फौज शेवटी आली. त्याच्या आधी धा वर्षं लोक काय करायलते ते बघ."

त्या दिवसापासून पेपर पुढं सरकेना. म्हणून इथं विचारतेय. नेटनं नेमकं काय होतं? लोकांचं धाडस वाढतं, का नुसती बातमी पोचते, का सरकारलाच माणसं पकडायला सोपं जातं? सरकारनं नेट बंद केल्यावरही चळवळ थांबली नाही असं कुठं झालंय का? आणि जिथं राज्य बदललं तिथं ते टिकलं का? पुस्तकातलं माझ्याकडं आहे, तुम्हाला जे माहितीये, पाहिलंय ते सांगा.

---

उदगीरकर

ताई विषय चांगला घेतलाय. ट्युनिशियाचं लिहिताना एक गोष्ट नक्की घाला, बहुतेक जण ती सोडून देतात. ज्या बुअझीझीनं पेटवून घेतल्यावर तिथं उठाव झाला त्याच्या आधी, २००८ मध्ये तिथल्याच गफ्सा भागात लोक उठले होते. रेडेयेफ म्हणून फॉस्फेटच्या खाणीचं गाव आहे, तिथं कंपनीच्या भरतीत वशिलेबाजी झाली म्हणून सुरू झालं आणि जवळपास सहा महिने चाललं. पोलिसांनी वेढा घातला, गोळीबार झाला, पुढारी आत टाकले आणि राजधानीतल्या माणसाला धड पत्ता पण लागला नाही, कारण पेपर-टीव्ही सगळे सरकारच्या मुठीत आणि फेसबुक तेव्हा तिथं मोजक्याच लोकांकडं होतं.

आता १७ डिसेंबर २०१०, गाव सिदी बूझिद. मोहम्मद बुअझीझी, २६ वर्षांचा, हातगाड्यावर फळं-भाजी विकणारा. नगरपालिकेच्या लोकांनी माल उचलला, तराजू पण नेला. आपल्या मोंढ्यात कोणाचा तराजू उचलून नेला तर त्याचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको, त्या दिवसाची चूलच बंद. तो गव्हर्नरच्या कचेरीत गेला, कोणी दाद दिली नाही, त्यानं कचेरीसमोरच पेटवून घेतलं. त्याच दिवशी तिथं लोक जमले, त्याच्या एका नातेवाइकानं मोबाईलवर शूटिंग काढून फेसबुकवर टाकलं, अल जझीरानं ते उचललं आणि संध्याकाळी ते टीव्हीवर दिसलं. तिथून बरोबर २८ दिवसांनी, १४ जानेवारी २०११ ला राष्ट्राध्यक्ष बेन अली सौदीला पळाला. २३ वर्षं बसलेला माणूस.

देश तोच, पोलीस तेच, राग पण तोच. २००८ ला दबलं आणि २०१० ला पेटलं यात मोबाईलचा वाटा मोठा आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तुमचे आबा जे म्हणतात तेही त्याच गोष्टीत आहे. तिथली यूजीटीटी ही कामगार संघटना १९४६ पासूनची, गावोगाव तिची कचेरी. लोक मोर्चाला जमायचे ते तिच्या दारात, आणि शेवटच्या आठवड्यात शहरामागून शहर संपावर गेलं ते तिच्या शाखांमुळं. फेसबुकनं बातमी पोचवली पण संप काही फेसबुकनं केला नाही.

इजिप्तमध्ये ही दुसरी, संघटनेची बाजू कच्ची राहिली असं माझं मत. जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात खालिद सईद या पोराला पोलिसांनी मारून मारून जीव घेतला, त्याच्या चेहऱ्याचा फोटो बाहेर आला आणि त्याच्या नावानं फेसबुक पेज निघालं. २५ जानेवारीची हाक तिथूनच गेली, १८ दिवसांत राष्ट्राध्यक्ष मुबारक गेला. पण पुढं निवडणूक आली तेव्हा चौकातल्या पोरांकडं ना पक्ष ना बूथवर बसायला माणूस. मुस्लिम ब्रदरहूड या धार्मिक संघटनेकडं होता आणि लष्कराकडं तर बंदुकाच होत्या. २०१२ ला ब्रदरहूडचा मोर्सी निवडून आला, ३ जुलै २०१३ ला लष्करप्रमुख सिसीनं त्याला हटवलं, आणि त्या चौकातली कितीतरी पोरं नंतर जेलात गेली.

ट्युनिशियाचंही शेवटपर्यंत लिहा. २०१४ ला राज्यघटना झाली, २०१५ ला यूजीटीटीसह चार संघटनांना शांततेचं नोबेल मिळालं, आणि २५ जुलै २०२१ ला निवडून आलेल्याच राष्ट्राध्यक्षानं संसद बंद पाडली. २०२२ पासून तिथं डिक्री ५४ नावाचा हुकूम आहे, ऑनलाइन खोटी बातमी पसरवली म्हणून ५ वर्षांपर्यंत कैद. खोटी कोणती ते सरकारच ठरवणार. ज्या पोस्टांनी बेन अली गेला तसल्याच पोस्टांवरून आता पत्रकार आत जायलेत.

---

निलंग्याचा_थोरला

मी काही अभ्यासक नाही पण पाहिलंय म्हणून लिहू लालाव. माझी धाकटी बहीण बांगलादेशात एमबीबीएसला होती. जुलै २०२४. आधी ती फोनवर सांगायची की कोट्याचं आंदोलन आहे, १९७१ च्या मुक्तियोद्ध्यांच्या वारसांना सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के, त्याच्या विरोधात पोरं बसलेत, आमच्या कॉलेजात तसं काही नाही. १६ तारखेला रंगपूरला अबू सईद नावाचा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांपुढं उभा राहिला आणि त्याला गोळ्या घातल्या, तो व्हिडिओ तिनंच मला पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, दादा बघ. मी तो व्हिडिओ एकदाच बघितला, परत उघडायची हिंमत झाली नाही.

१८ ला रात्री मी मेसेज टाकला तर एकच टिक. सकाळी पण एकच टिक. आई फोन पदरात घेऊन देवघरापाशी बसलेली, दर पाच मिनटाला मला म्हणायची बघ बरं दुसरी टिक आली का. सगळ्या देशाचं नेट बंद केलं होतं. साधा फोन मधूनच लागायचा, लागला की अर्ध्या मिनटात तुटायचा. चौथ्या दिवशी बहिणीचा आवाज आला, आगरतळ्यातून. अखौरा बॉर्डर ओलांडून आली होती, कॉलेजातल्या पोरींनी मिळून गाडी केली होती.

ती आल्यावर तिनं जे सांगितलं ते ताई तुमच्या कामाचं आहे. ती म्हणाली नेट होतं तोवर होस्टेलच्या पोरी खोलीत बसून मोबाईल बघायच्या. नेट गेलं आणि सगळ्या गच्चीवर आल्या, मग गेटवर, कारण काय चाललंय ते कळायला दुसरा रस्ताच नव्हता. आणि गोळीबाराचा आवाज तर येऊ लालता. सरकारला वाटलं अंधार केला की लोक झोपतील, लोक उलट बाहेर आले. नेट परत आल्यावर पाच दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं, ज्याच्या त्याच्या मोबाईलमधले व्हिडिओ. सरकारनं दुखवटा जाहीर केला काळ्या फितीचा, लोकांनी प्रोफाइलचे फोटो लाल केले. ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. १५ वर्षांची सत्ता. युनोच्या अहवालात मेलेल्यांचा अंदाज १४०० पर्यंत दिलाय, तो आकडा वाचला की मला आईचा पदर आठवतो, तितक्या आया तिकडं बसल्या असतील आणि त्यांची दुसरी टिक आलीच नाही.

तर नेट बंद केल्यानं चळवळ थांबली नाही हे खरंय, पण बंदच्या काळातही खूप माणसं मेली हे पण लिहा. कोणी बघत नसलं की हात मोकळा सुटतो.

---

वसमतकर (पुण्यात, नेटवर्किंगमध्ये काम)

निलंग्याच्या दादा, वाचून सुन्न झालो. बहीण सुखरूप आली हे फार बरं झालं.

मी तांत्रिक बाजू सांगतो कारण बहुतेक लेखात हे नसतं. नेट बंद करायला तारा तोडाव्या लागत नाहीत. प्रत्येक कंपनी जगाला सांगत असते की माझ्याकडं यायचा रस्ता असा असा आहे, त्याला राउटिंग म्हणतात, तो रस्ता सांगणं बंद केलं की जगाच्या लेखी तुम्ही नाहीतच. इजिप्तमध्ये २७ जानेवारी २०११ च्या मध्यरात्रीनंतर हेच झालं, मोठ्या कंपन्या मोजून चार-पाच, त्या काही मिनिटांत एकामागून एक गायब झाल्या. नेट ५ दिवस बंद राहिलं. जिथं कंपन्या कमी आणि लायसन सरकारच्या हातात, तिथं देश बंद करायला चार फोन पुरतात.

पण सगळं बंद करणारा हा अडाणी हुकूमशहा समजा. बँका बंद पडतात, व्यापारी ओरडतो. आपल्याकडं आंदोलनाच्या वेळी काही तासच मोबाईल नेट बंद होतं तर आमच्या काकांच्या दुकानात फोनपे चालेना, माळ्यावरची उधारीची वही काढावी लागली. (आपल्याकडं निदान कोर्टात जाता येतं, सुप्रीम कोर्टानं १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या केसमध्ये सांगितलंय की असे आदेश जाहीर करावे लागतील आणि बेमुदत बंदी चालणार नाही. म्हणून आपली आणि त्यांची तुलना सरळ करू नका.)

हुशार हुकूमशहा नेट चालू ठेवतो आणि बघत बसतो. इराणमध्ये २००९ च्या आंदोलनानंतर सरकारी बाजूच्या वेबसाइटवर मोर्चातले फोटो टाकले, चेहऱ्याभोवती गोल काढून, ओळखा म्हणून. लोकांनी जगाला दाखवायला काढलेले फोटोच पोलिसांच्या कामी आले. चीनमध्ये तर वेगळंच आहे, हार्वर्डचे गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की सरकारला नुसत्या शिव्या घातलेल्या पोस्ट बऱ्याच राहू देतात, काढतात त्या ज्यातनं माणसं एकत्र जमू शकतील. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सरकार टीकेला कमी भितं, चार माणसं एका ठिकाणी येण्याला जास्त. नोव्हेंबर २०२२ ला कोविडच्या लॉकडाऊनमध्ये चीनच्या उरुमची शहरात आगीत माणसं मेली, त्यानंतर तिथली पोरं कोरा कागद हातात धरून उभी राहिली. लिहिलेलं असतं तर डिलीट केलं असतं, कोऱ्याचं काय करणार. काही दिवसांत कोविडचे कडक नियम ढिले झाले. राज्य बदललं नाही, पण पोरं रस्त्यावर आली आणि त्यानंतर नियम ढिले झाले, तिथं हेही फार दुर्मिळ.

आणि तुझा दुसरा प्रश्न, त्याला सुदान बघ. एप्रिल २०१९ ला तिथला हुकूमशहा बशीर गेला, ३ जूनला खार्टूममध्ये लष्करी मुख्यालयासमोर बसलेल्या लोकांवर हल्ला झाला, शंभरावर मेले, आणि नेट महिनाभरापेक्षा जास्त बंद. तरी ३० जूनला प्रचंड मोर्चा निघाला. कसा, तर गल्लीगल्लीत प्रतिकार समित्या होत्या, त्यांनी पत्रकं वाटली, भिंतीवर तारीख लिहिली, एसएमएस केले, घरोघर जाऊन सांगितलं. पुढं लष्करानं २०२१ ला परत सत्ता घेतली आणि २०२३ पासून दोन सेनापतींच्या लढाईत देश जळतोय, पण आजही तिथं अन्नछत्रं चालवणारी माणसं बऱ्याच ठिकाणी त्याच समित्यांमधली आहेत.

---

गुरुजी_अंबाजोगाई

बेटा, तुझ्या आजोबांना माझा नमस्कार सांग. मी ३१ वर्षं इतिहास शिकवला, टायपिंग हळू आहे, चुका समजून घेणे.

ते म्हणतात "धा वर्षं लोक काय करत होते" ते असं. निझामाच्या राज्यात गश्ती निशाण ५३ नावाचा हुकूम होता, परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. मग लोकांनी काय केलं, शाळा काढल्या, वाचनालयं काढली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. स्वामी रामानंद तीर्थ आधी तिथं आणि मग आमच्या गावात योगेश्वरीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. १९३७ ला परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. १९३८ ला हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जन्मण्याआधीच बंदी आली, ती १९४६ पर्यंत. म्हणजे वरचे भाऊ सुदानच्या गल्लीतल्या समित्या सांगतात ना, त्या आपल्याकडं वाचनालयाच्या नावानं होत्या. माणसं एकमेकांना ओळखत होती, कोण फुटेल आणि कोण नाही हे वर्षानुवर्षं पारखून घेतलेलं होतं.

आता माध्यमाचं. राज्यात छापणं अवघड म्हणून आ. कृ. वाघमाऱ्यांनी 'मराठवाडा' हे पत्र पुण्यातनं काढलं. निझामानं बंदी घातली की नाव बदलून काढायचं. ते सरहद्द ओलांडून आत यायचं, धान्याच्या पोत्यात, कडब्याच्या गाडीत, आमच्या वडिलांनी सांगितलेलं आहे की एकच अंक इतक्या हातांतून जायचा की घड्यांवरची अक्षरं उडून जायची आणि तेवढा भाग वाचणारा आठवणीनं भरून सांगायचा. ४७-४८ साली बार्शी, उमरखेड, मनमाड असे सरहद्दीवर कॅम्प होते. माध्यम टिकलं कारण छापखाना राजाच्या हद्दीबाहेर होता. हद्दीच्या आत लिहिणाऱ्याचं काय व्हायचं ते 'इमरोज'च्या शोएबुल्ला खानांचं बघ, भारतात विलीन व्हा असं उर्दूत लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी त्यांना मारलं, लिहिणारा हात तोडला. महिनाभरानं १७ सप्टेंबर उजाडला, निझामाचं राज्य संपलं.

मी बेलारूसबद्दल वाचलं तेव्हा मला हेच आठवलं. २०२० च्या निवडणुकीनंतर तिथं तीन दिवस नेट बंद होतं, तरी नेक्स्टा नावाचं टेलिग्राम चॅनेल लोकांना सांगत होतं कुठं जमायचं, कुठं पोलीस आहेत. ते चालायचं पोलंडमधल्या वॉर्सातून. आपलं पुण्यातून, त्यांचं वॉर्सातून. फरक असा की मे २०२१ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्कोनं अथेन्सहून विल्नियसला जाणारं प्रवासी विमान लढाऊ विमान पाठवून मिन्स्कला उतरवलं आणि त्या चॅनेलच्या जुन्या संपादकाला पकडलं. हद्दीबाहेर राहूनही तो सुटला नाही. आणि लुकाशेन्को अजून खुर्चीवर आहे.

एक कटू गोष्ट सांगतो, ती टाळून पेपर लिहू नकोस. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारताची फौज आल्यावर, आपल्याच भागात, उस्मानाबाद-नांदेडकडं, निरपराध मुसलमान फार मारले गेले, सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं ते नोंदवलंय. अफवा आणि सूड पसरायला तेव्हाही नेट लागलं नव्हतं. मग ज्या ठिकाणी अफवेच्या हातात नेट येतं तिथं काय होत असेल याचा विचार कर. म्यानमारमध्ये रोहिंग्यांच्या बाबतीत तेच झालं, आपण पुरेसं केलं नाही असं फेसबुकनं २०१८ मध्ये स्वतः मान्य केलं.

---

सेलूची_सून

गुरुजींचं वाचून अंगावर काटा आला. मी फक्त म्यानमारचं पुढं जोडते. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता घेतली, चार दिवसांत फेसबुक बंद, मग रोज रात्री १ ते सकाळी ९ नेट बंद ठेवायला लागले. रात्रीच का, तर धरपकड रात्री असायची. लोकांनी काय केलं, गल्लीत पोलीसगाडी शिरली की बायका पातेली-थाळ्या वाजवायच्या, एका घरातनं दुसऱ्या घरात आवाज जायचा आणि सगळी गल्ली उठून बाहेर यायची. त्याला सिग्नल लागत नाही.

माझ्या सासूबाई सांगतात, रझाकारांची टोळी दिसली की गढीवरनं शिंग वाजवायचे आणि बायापोरं ज्वारीत लपायची. मला ते आणि हे एकच वाटतं.

---

जालन्याचा_अमोल

सगळे जुनं सांगायलेत, नेपाळ कामून विसरले? ४ सप्टेंबर २०२५ ला २६ ॲप बंद केले, ८ ला पोरं रस्त्यावर, ९ ला पंतप्रधान ओलींचा राजीनामा. पुढचं कोण यावर पोरांनी डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर मतदान घेतलं आणि १२ ला सुशीला कार्की पंतप्रधान झाल्या. संघटना बिंघटना काय नव्हती, तरी झालंच की.

---

उदगीरकर

अमोलभाऊ, नेपाळचं सरकार निवडून आलेलं होतं, वाईट होतं पण हुकूमशाही नव्हती. तिथं राजीनामा देता येतो, कोर्ट असतं, माजी सरन्यायाधीश असतात ज्यांच्यावर लोकांचा भरोसा असतो. हे सगळं आधीपासून उभं होतं म्हणून डिस्कॉर्डवरच्या नावाला वजन आलं. आणि ८ तारखेच्या एकाच दिवसात १९ पोरं गेली हो, "झालंच की" म्हणताना ते पण धरा.

---

जालन्याचा_अमोल

हे बरोबर आहे दादा, चुकलं माझं. पण एक म्हणणं सोडत नाही. बातमी आत दाबून ठेवता येत होती तो काळ गेला. रेडेयेफ दबलं तसं आता दबत नाही.

---

वसमतकर

दबत नाही असं नाही रे. टेलिनॉर म्हणून नॉर्वेची कंपनी म्यानमारमध्ये होती, तिच्यामुळं सिमकार्ड स्वस्त झालं, गरीबाच्या हातात फोन आला. २०२२ मध्ये ती धंदा विकून निघून गेली. लोकांच्या कॉलची माहिती कोणाच्या हातात गेली असेल याचा विचार कर. आता तिथं चौकीवर फोन उघडून बघतात, लोक बाहेर पडताना दुसरा साधा फोन घेऊन निघतात.

---

पूर्णाकाठची

सगळ्यांचे खूप आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. निलंग्याच्या दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

पेपर नव्यानं लिहायला घेतलाय. सुरुवात रेडेयेफ आणि सिदी बूझिदपासून, मग सुदान, आणि वॉर्सा-पुणे हे गुरुजींच्या परवानगीनं घेणार आहे.

काल रात्री आबांना फोनवर गुरुजींचा मजकूर वाचून दाखवला. धान्याच्या पोत्याचं आलं तिथं थांबवलं मला. म्हणाले पोत्यात नाही, आमच्या गावात ते पेंडीत यायचं, आणि ते आणणारी एक म्हातारी होती, सरकीची पेंड विकायला यायची, तिला वाचता येत नव्हतं पण कुठल्या घरात टाकायचं ते पाठ होतं. घरं किती म्हणून विचारलं तर म्हणाले सात, आणि सातही घरांची नावं एका दमात सांगितली. त्यातली दोन मुसलमानांची होती. आमच्या घरात हे आजवर कोणालाच माहीत नव्हतं, माझ्या बाबांना पण नाही. रविवारी जिंतूरला जातेय, मोबाईल चार्ज करून, सगळं रेकॉर्ड करणार आहे.